डाइमवरची मशाल कशी पाहावी: एफबी, एफटी आणि छापेचा दर्जा

तुम्ही विचारलेले प्रश्न तीन आहेत. भाच्याने अमेरिकेतून १९५७ सालच्या, डेन्व्हर टांकसाळीच्या रूझवेल्ट डाइमचा, म्हणजे दहा सेंटच्या नाण्याचा, ५० नाण्यांचा रोल (गुंडाळी) आणि काही मिंट सेट, म्हणजे टांकसाळीने विकलेले त्या-त्या वर्षीच्या नाण्यांचे संच, पाठवले; त्यातली कोणती नाणी ग्रेडिंगला, म्हणजे कंपनीकडून दर्जा ठरवून घ्यायला, पाठवावीत, हा पहिला. दुसरा असा, की सत्तरच्या दशकातली एकाच सालची, एकाच टांकसाळीची दोन नाणी तुम्ही ऑनलाइन लिलावात पाहिलीत. एका स्लॅबवर, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लॅस्टिक डबीवर, ‘एमएस ६७’, दुसऱ्यावर ‘एमएस ६६ एफबी’ (एमएसचा आकडा न फिरलेल्या नाण्याचा दर्जा, एफबी म्हणजे मशालीवरच्या पट्ट्या पूर्ण सुटलेल्या), आणि किंमत मात्र कमी आकड्याच्या नाण्याची जास्त. हे कसे? तिसरा, एक विक्रेता सुट्या, बिनस्लॅबच्या नाण्याला ‘फुल टॉर्च’ म्हणतो ते कितपत मानायचे. पैशांचे बोलणे नंतर करू. आधी नाणे हातात घेऊ, कारण तिन्ही प्रश्न शेवटी नाण्याच्या मागच्या मशालीवरच्या दोन-दोन आडव्या पट्ट्यांपाशी येऊन थांबतात.

डाइम हे अमेरिकेच्या चलनातले सर्वांत लहान नाणे. व्यास १७.९ मिलीमीटर, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या स्टीलच्या १० पैशांहून मोठे आणि स्टीलच्या २५ पैशांहून लहान. फ्रँकलिन रूझवेल्ट एप्रिल १९४५ मध्ये गेले. पोलिओविरुद्धच्या ‘मार्च ऑफ डाइम्स’ मोहिमेशी त्यांचे नाव जोडलेले असल्याने त्यांची मुद्रा याच नाण्यावर आणायचे ठरले, आणि त्यांच्या जन्मदिवशी, ३० जानेवारी १९४६ रोजी नवे नाणे चलनात आले. रचना टांकसाळीचे मुख्य कोरक जॉन सिनॉक यांची. मानेखालच्या ‘जेएस’ या त्यांच्या आद्याक्षरांवरून ‘हा जोसेफ स्टॅलिन’ अशी अफवा त्या काळात उठली होती. टांकसाळीला त्यावर खुलासे करत बसावे लागले. मागच्या बाजूला मधोमध मशाल, डावीकडे ऑलिव्हची फांदी, उजवीकडे ओकची. मशालीच्या दांड्यावर उभ्या रेघा आहेत आणि त्या दांड्याला वर एक व खाली एक अशा आडव्या पट्ट्यांच्या दोन जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतल्या दोन पट्ट्यांमध्ये एक बारीक खाच असायला हवी. सगळे रामायण त्या खाचेचे.

आता ती खाच कधी दिसते आणि कधी नाही, हे कळायला नाणे पाडण्याची रीत डोळ्यांसमोर आणा. कोरी चकती दोन डायच्या, म्हणजे पोलादी ठशांच्या, मध्ये येते, भोवती कॉलर, म्हणजे कडे, असते, दाब पडतो आणि धातू डायच्या खळग्यांत सरकतो. नाण्यावर जो भाग सर्वांत उंच, तो डायमध्ये सर्वांत खोल. तिथे धातू शेवटी पोचतो. डाइमच्या बाबतीत मशालीच्या बरोबर पाठीशी दर्शनी बाजूला रूझवेल्टच्या डोक्याचा जाड भाग येतो. दोन्ही डाय एकाच जागचा धातू आपापल्या खळग्यात ओढू पाहतात आणि दाब जरा कमी पडला की मशाल उपाशी राहते. पट्ट्या पुरत्या उठल्याच नाहीत तर त्यांच्यामधली खाच दिसणार कुठून? तिथे चकतीचा मूळचा सपाट पृष्ठभागच राहून जातो.

दाब कमी का पडतो, याचे सरळ कारण खर्च. डाय जितकी जवळ आणि दाब जितका जास्त, तितकी छाप खणखणीत, पण डाय तितक्या लवकर झिजते, तडकते. टांकसाळीला वर्षाकाठी कोट्यवधी डाइम काढायचे असतात. आताची यंत्रे मिनिटाला ७५० नाण्यांपर्यंत पाडतात. तेव्हा दोन डायमधले अंतर केसभर वाढवून ठेवले तर डाय जास्त टिकते आणि किराणा घेताना मशालीच्या पट्ट्या कोण मोजतो? टांकसाळीच्या दृष्टीने हा दोष नव्हेच, व्यवहार आहे. त्यात १९६५ पासून धातू बदलला. त्याआधी ९० टक्के चांदी, वजन २.५ ग्रॅम, नंतर तांब्याच्या गाभ्यावर दोन्ही बाजूंनी तांबे-निकेलच्या मिश्रधातूचा थर, वजन २.२६८ ग्रॅम. तांबे-निकेल चांदीपेक्षा कडक. चांदी खळग्यात शिरायला जितकी राजी असते तितका हा मिश्रधातू नसतो. म्हणून १९६४ पर्यंतच्या डाइमवर पूर्ण पट्ट्या शोधणे आणि त्यानंतरच्या दोन-अडीच दशकांतल्या डाइमवर शोधणे, ही दोन वेगळी कामे आहेत.

इथे नवशिक्यांची सर्वांत मोठी गफलत होते. पट्ट्या दिसत नाहीत म्हणजे ‘छाप कमजोर’ असे म्हणून लोक मोकळे होतात. तपशील नसण्याची कारणे निदान चार असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी.

छाप खरोखर कमजोर असेल तर मशालीच्या मधल्या, उंच भागावर चकतीचे मूळचे खरखरीत डाग तसेच राहिलेले दिसतात. बारीक खड्डे, ओरखडे, पण त्यांच्यावरूनही लकाकी सलग वाहते. नाणे दिव्याखाली फिरवले की प्रकाशाचा पट्टा न तुटता त्या भागावरून जातो. समोरच्या बाजूला रूझवेल्टच्या गालावर किंवा कानावरच्या केसांत तसेच खडबडीत ठिपके सापडले तर शंका उरत नाही. हे नाण्याला नंतर लागलेले घाव नव्हेत, दाबाने पुसले न गेलेले आधीचे घाव आहेत. ग्रेडर त्यांना नंतरच्या घावांइतके कडक मोजत नाहीत, पण अगदी सोडूनही देत नाहीत.

झिजलेल्या डायची खूण कडेला सापडते. अक्षरांचे पाय कडेकडे पसरलेले, मैदानात, म्हणजे नाण्याच्या रिकाम्या सपाट जागेत, केंद्रापासून बाहेर जाणाऱ्या बारीक रेघा, संत्र्याच्या सालीसारखा पोत. अशा नाण्यावर पट्ट्या उठलेल्या असतात, पण गोलसर, विरघळल्यासारख्या. खाच असते पण तिला धार नसते. असले नाणे हातात आले की बरेच जण ‘खाच दिसते आहे ना’ म्हणून हुरळतात. ग्रेडिंगवाले हुरळत नाहीत.

तिसरे कारण डायला बसलेला ग्रीस-धुळीचा राप. तो जिथे बसेल तिथला तपशील गायब होतो, मग ते अक्षर असो वा पान. एका बाजूचा मोटोतला, म्हणजे ‘ई प्लुरिबस युनम’ या बोधवाक्यातला, ‘प्लुरिबस’ अर्धा गायब आणि बाकी सगळे धारदार, असे दिसले तर तो हाच प्रकार. डाय जास्त घासून साफ केली असेल तर उथळ तपशील जातात, आणि मैदानात उठावदार रेघा दिसतात ज्या रचनेच्या कडेपाशी येऊन थांबतात. ओरखडा खोल असतो, डाय-पॉलिशची रेघ वर आलेली असते. दोन्हींतला फरक एकदा डोळ्यात बसला की परत चुकत नाही.

आणि चौथे, नाणे हातोहात फिरून झिजलेले असणे. इथे उंच भाग गुळगुळीत होतो, तिथली लकाकी तुटते, रंग मंद राखाडी पडतो. दिवा फिरवताना प्रकाशाचा पट्टा मशालीवर येऊन विझतो. एमएस म्हणजे ६० ते ७० हे आकडे फक्त न फिरलेल्या नाण्यांचे. पट्ट्यांवर झीज असेल तर आकड्यांचे बोलणे तिथेच संपले.

पाचवे म्हणावे तर नाण्यावर नाणे आदळून पडलेला घाव. टांकसाळीच्या पिशव्यांत हजारो नाणी एकमेकांवर पडतात. छाप उत्तम असताना नेमका एक घाव दोन पट्ट्यांवर आडवा बसला आणि मधली खाच बुजली, तर पूर्ण पट्ट्यांची, ग्रेडिंग कंपनी देते ती, पदवी साधारणपणे हातची जाते. अन्याय वाटतो खरा. पण ग्रेडरला आज समोर दिसते त्यावर निर्णय द्यायचा असतो.

आता पदव्यांकडे. पीसीजीएस ही १९८६ साली निघालेली ग्रेडिंग कंपनी रूझवेल्ट डाइमला ‘फुल बँड्स’, म्हणजे एफबी, देते. अट अशी, की वरची आणि खालची, दोन्ही जोड्यांतल्या पट्ट्या एकमेकींपासून पूर्ण सुटलेल्या हव्यात. एनजीसी ही एक वर्षाने, १९८७ मध्ये आलेली. ती ‘फुल टॉर्च’, म्हणजे एफटी, देते. तिथे पट्ट्यांशिवाय मशालीच्या उभ्या रेघाही स्पष्ट लागतात. म्हणजे एनजीसीची अट कागदावर तरी थोडी अधिक कडक. व्यवहारात दोन्हींतले अंतर कधी जाणवते, कधी नाही. पण एक गोष्ट पक्की धरा: एका कंपनीची पदवी दुसरीकडे आपोआप चालत नाही. एफटीचा स्लॅब फोडून एफबीसाठी पाठवला आणि नाणे साध्या एमएसवर परत आले, असे होते. ते वाचूनसुद्धा लोक स्लॅब फोडत राहतात, तो भाग निराळा.

रूझवेल्ट डाइमला या पदव्या पुष्कळ उशिरा, या शतकाच्या सुरुवातीला मिळायला लागल्या. रूझवेल्टच्या आधीच्या मर्क्युरी डाइमचे बँड, फ्रँकलिन हाफ डॉलरच्या घंटेवरच्या रेघा, जेफरसन निकेल या पाच सेंटच्या नाण्यावरच्या मॉन्टिचेलो या घराच्या पायऱ्या हे सगळे त्याआधीच बाजारात रुळले होते. याचा एक फायदा तुमच्यासारख्या चोखंदळ माणसाला घेता येतो. नव्वदच्या दशकातल्या जुन्या स्लॅबमध्ये बसलेल्या रूझवेल्ट डाइमवर पदवी लिहिलेली नसेल, कारण तेव्हा ती नव्हतीच. आत मात्र पूर्ण पट्ट्या असू शकतात. विक्रेत्याला सवड नसते, तो लेबल वाचून किंमत लावतो. आपण नाणे वाचायचे.

‘पूर्ण सुटलेल्या’ याचा अर्थ किती पूर्ण? खाच दांड्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत सलग हवी. मध्ये कुठे धातूचा पूल राहिला असेल तर नाही. मी सर्वांत जास्त पाहतो ते नाणे असे: एक जोडी झकास सुटलेली, दुसरीत खाच दोन्ही टोकांना आहे आणि मधोमध केसभर जागा बुजलेली. अशा नाण्याला विक्रेते ‘नियर फुल बँड्स’, ‘९५ टक्के’ वगैरे म्हणतात. पदवीत टक्के नसतात. आहे किंवा नाही.

पाहायचे कसे, यावर थोडे थांबतो, कारण निम्मी फसवणूक इथेच होते आणि तीही कुणी न करता. ट्यूबलाइट किंवा खिडकीचा पसरट उजेड नको. एकच पिवळा दिवा हवा, टेबल लॅम्पचा, थोडा लांब. ग्रेडसाठी पाच-सात पटींचे भिंग पुरते, पट्ट्यांसाठी दहा पटींचे घ्या. आता महत्त्वाचे: पट्ट्या आडव्या आहेत. दिवा नाण्याच्या डाव्या किंवा उजव्या बाजूला असेल तर प्रकाश खाचेच्या दिशेनेच जातो, सावली पडत नाही आणि उत्तम सुटलेल्या पट्ट्याही एकसंध दिसतात. तेच नाणे मशाल उभी ठेवून दिवा वरून, घड्याळातल्या १२ वाजताच्या दिशेने, तिरपा पाडा. खाचेच्या एका भिंतीवर उजेड, दुसरीवर सावली, आणि काळी रेघ लख्ख दिसते. मग नाणे हळूहळू कलवत त्या रेघेवर डोळा ठेवा. खरी खाच असेल तर रेघ जागेवर राहते, फक्त तिची काळी बाजू बदलते. पृष्ठभागावरचा नुसता डाग किंवा सावलीचा खेळ असेल तर नाणे जरा कलताच रेघ नाहीशी होते.

यावरून फोटोंचे काय ते समजून घ्या. एकाच फोटोवरून ‘फुल टॉर्च’ म्हणणाऱ्याचा आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याचा, दोघांचाही भरवसा धरू नका. फोनचा कॅमेरा धार आपणच वाढवतो. दोन पट्ट्यांच्या कडा काळ्या करून मध्ये नसलेली खाच उभी करतो. विक्रेत्याकडे दोन दिशांच्या दिव्यातले फोटो किंवा नाणे फिरवतानाची छोटी चित्रफीत मागा. द्यायला टाळाटाळ झाली की समजून जा. क्वचित सुईने रेघ ओढलेले नाणेही भेटते, विशेषतः मर्क्युरीत, कारण तिथे पैसा मोठा आहे. ओढलेल्या रेघेच्या दोन्ही कडांना धातू उचकटलेला असतो, रेघेचा तळ बाकी नाण्याहून वेगळा चकाकतो आणि ती खाचेसारखी समांतर, समान रुंदीची क्वचितच असते.

तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर: सुट्या नाण्यावर विक्रेत्याने लिहिलेले ‘फुल टॉर्च’ हे त्याचे मत आहे. साध्या नाण्याच्या भावात मिळत असेल तर स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून घ्या. पदवीचा भाव मागत असेल तर सोडा.

दुसरा प्रश्न, ६७ स्वस्त आणि ६६ एफबी महाग. शेल्डनची मोजपट्टी मुळात १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंटसाठी निघाली आणि पुढे सगळ्याच नाण्यांना लागली. तिच्यावरचा एमएसचा आकडा घाव, लकाकी, छाप आणि एकंदर रूप यांचा मिळून ठरतो, त्यात घावांचे वजन सर्वांत जास्त. पट्ट्यांची पदवी त्या आकड्याबाहेरची, स्वतंत्र नोंद आहे. म्हणून मशाल बुजलेले, पण जवळजवळ निर्घाव आणि टवटवीत नाणे ६७ होऊ शकते. मशाल कातीव असलेले, पण गालावर दोन-तीन घाव असलेले ६६ एफबी. एखाद्या सालात पूर्ण पट्ट्यांची नाणी हातावर मोजण्याइतकी असतील, तर मागणी त्यांच्याभोवती गोळा होते. त्यातही खरा जोर ‘रजिस्ट्री सेट’वाल्यांचा. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आपापल्या संग्रहांची गुणवारी लावणारे हे हौशी लोक. त्यांना गुण हवे असतात आणि एकमेकांवर चढाओढीने बोली लागतात. दोघे-तिघे असे लोक एकाच नाण्यामागे लागले की भाव कुठल्या कुठे जातो आणि त्यातल्या एकाची गरज भागली की पुढच्या लिलावात तोच भाव गडगडतो. नव्या डाइमवर पैसा लावताना हे डोक्यात ठेवा. दोन्ही कंपन्यांचे किती नाणी कोणत्या ग्रेडला पोचली याचे आकडे खुले आहेत, ते पाहाच. पण तेच नाणे फोडून पुन्हा पुन्हा पाठवल्याने ते आकडे फुगलेलेही असतात.

माझे स्वतःचे मत विचाराल तर पदवी म्हणजे छापेचा दर्जा नव्हे. ती नाण्याच्या एका चिमूटभर जागेची चाचणी आहे. पूर्ण पट्ट्या असूनही ओकच्या पानांच्या शिरा पुसट, ज्वाळांच्या रेघा मिसळलेल्या आणि कानावरचे केस गोळा झालेले असे डाइम मी कितीतरी पाहिले आहेत. त्यांना एफबी मिळाले आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. उलट बाकी सगळे धारदार आणि खालच्या जोडीत केसभर पूल, असेही नाणे असते. संग्रहासाठी मी दुसरे घेईन. विकण्यासाठी पहिले. नाणे पाहताना मशालीवर शेवटी या. आधी दर्शनी बाजूचे केस, मग पाने, मग मोटोची अक्षरे, कड, आणि मग मशाल. मशालीपासून सुरुवात केली की बाकी नाणे दिसेनासे होते.

सालांविषयी थोडेसे. १९४६ ते १९६४ चांदीचे. यांत पूर्ण पट्ट्या अनेक सालांना मिळतात, प्रमाण साल आणि टांकसाळ बदलेल तसे बदलते. १९६५ ते १९६७ या तीन वर्षांत टांकसाळीने मिंटमार्कच, म्हणजे कोणत्या टांकसाळीचे ते सांगणारे अक्षरच, काढून टाकले, कारण नाण्यांच्या टंचाईचे खापर संग्राहकांवर फोडले गेले होते; त्या वर्षांत नेहमीचे मिंट सेट नव्हते, ‘स्पेशल मिंट सेट’ निघाले आणि त्यातल्या नाण्यांची छाप चलनातल्यापेक्षा बरी असते. दोन्ही एकत्र तोलू नका. १९६८ पासून मिंटमार्क मागून पुढे, सालाच्या वर आला. यापुढची वीसेक वर्षे पट्ट्यांच्या बाबतीत सर्वांत रूक्ष, आणि म्हणूनच शोधणाऱ्याला सर्वांत गोड.

१९८२ आणि १९८३ यांचा वेगळा उल्लेख करतो. या दोन वर्षांत सरकारी मिंट सेट निघालेच नाहीत. इतर वर्षी लोकांनी सेट विकत घेऊन कपाटात ठेवले, त्यामुळे चांगली नाणी आपोआप जपली गेली. या दोन वर्षांत ज्याने बँकेतून रोल आणून बाजूला ठेवले त्याच्याकडेच चांगली नाणी राहिली. त्यामुळे उच्च ग्रेड आणि पूर्ण पट्ट्या एकत्र मिळणे अवघड. त्याच १९८२ चा दुसरा किस्सा तुमच्या विषयाशी थेट जुळतो. त्या काळात मिंटमार्क प्रत्येक डायवर वेगळा ठोकत. फिलाडेल्फियात ‘पी’ ठोकायचा राहिलेली डाय यंत्रावर चढली आणि बिनमिंटमार्कचे डाइम बाहेर पडले. ओहायोतल्या सँडस्की भागात ते बरेच सापडले. हे नाणे बाजारात दोन रूपांत विकले जाते, जोरकस छापेचे आणि कमजोर छापेचे, आणि भावात फरक पडतो तो छापेमुळे. पट्ट्यांची पदवी न लागताही छापेवरून नाण्याचे दोन वर्ग पडल्याचे इतके स्वच्छ उदाहरण आधुनिक डाइममध्ये दुसरे नाही. कमजोर रूपात सालाचे आकडे आणि कडेची अक्षरेही पुसट असतात, त्यामुळे आधी ‘पी’ खरोखर नाही की नुसता उठला नाही, हे भिंगाने तपासावे लागते. आणि कृपा करून १९७९ किंवा त्याआधीचे चलनातले बिनमिंटमार्कचे नाणे घेऊन ‘एरर’ म्हणू नका. फिलाडेल्फियाचे डाइम ‘पी’ लावायला लागले ते १९८० पासून.

१९९६ मध्ये या रचनेला ५० वर्षे झाली म्हणून वेस्ट पॉइंट टांकसाळीत ‘डब्ल्यू’ चिन्हाचे डाइम पाडून त्या वर्षीच्या मिंट सेटमध्ये घातले. भाच्याच्या सेटांत १९९६ चा असेल तर तो डाइम जपून ठेवा. छाप बहुधा चांगलीच असते, त्यामुळे त्याच्या एफबीचे अप्रूप वाटू देऊ नका. तिथे आकड्याला किंमत. २००५ ते २०१० च्या मिंट सेटमधली नाणी सॅटिन, म्हणजे मंद रेशमी पोताची आहेत, ती चलनातल्या नाण्यांपासून वेगळी धरली जातात. प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी मुद्दाम पाडलेल्या, नाण्यांची तर गोष्टच निराळी: खास डाय, खास चकती, एकाहून अधिक दाब, पूर्ण मशाल तिथे गृहीतच. प्रूफमध्ये मोठा पैसा येतो तो चुकीतून. १९७५ चा ‘एस’ (सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे अक्षर) राहून गेलेला प्रूफ डाइम जगात दोनच माहीत आहेत आणि त्यातला एक २०२४ मध्ये पाच लाख डॉलरच्या वर गेला. मशालीचा त्यात काही हात नाही.

मर्क्युरी डाइमबद्दल तुम्ही विचारले नाही, पण पुढे त्याच वाटेला लागाल. १९१६ ते १९४५, रचना ॲडॉल्फ वाइनमन यांची. डोक्यावर पंखांची टोपी असलेली लिबर्टी. तिलाच लोक मर्क्युरी समजले आणि नाव चिकटले. मागे काठ्यांची मोळी आणि तिला बांधणाऱ्या पट्ट्या. एफबीसाठी मधल्या पट्ट्या पाहतात. फिलाडेल्फियाचा १९४५ चा डाइम साधा घेतला तर अगदी सामान्य, पूर्ण पट्ट्यांचा घेतला तर दुर्मीळ. सुईची करामत अशाच सालांवर होते, म्हणून तो स्लॅबमध्येच घ्या.

आता तुमचा रोल. १९५७ डेन्व्हर हे सामान्य साल आहे आणि न फिरलेली नाणी मुबलक. इथून पाठवायचे तर ग्रेडिंगची फी, टपाल, विमा, जाण्यायेण्यातला काळ. बहुतेक नाण्यांना त्याहून कमी पैसे येतील. त्यामुळे ५० पैकी ४५ तरी आत्ताच विसरा. पहिल्या फेरीत फक्त दर्शनी बाजू पाहा: गाल आणि समोरचे मैदान. तिथे नुसत्या डोळ्यांना घाव दिसला की नाणे बाजूला. दुसऱ्या फेरीत लकाकी, दिव्याखाली फिरवून. तिसऱ्या फेरीतच भिंग आणि मशाल. चांदीच्या रोलमध्ये दोन्ही टोकांची नाणी बहुधा काळवंडलेली किंवा रंग चढलेली असतात. तो रंग घासू नका, सोड्याने, टूथपेस्टने, रुपे उजळायच्या पावडरीने तर मुळीच नाही. घासलेले नाणे कंपनी ‘क्लीन्ड’ म्हणून आकड्याशिवाय परत पाठवते आणि मग त्यावर पूर्ण पट्ट्या असल्या काय नसल्या काय. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत नाणी ठेवू नका. दमट हवेत त्यावर हिरवट चिकट थर धरतो. धरलाच असेल तर शुद्ध ॲसिटोनमध्ये बुडवून, न पुसता सुकवा. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतात.

मिंट सेट फोडायची घाई करू नका. पाकिटातूनही मशाल तपासता येते, फक्त प्लॅस्टिकची चमक टाळायला नाणे जास्त कलवावे लागते. सेटमधल्या पाचांपैकी एकच नाणे चांगले निघाले तर त्याच्यासाठी सेट कापायचा की नाही, हे नाण्याचा फोटो पाहिल्यावर सांगेन.

तिसऱ्या फेरीनंतर जी चार-पाच उरतील त्यांचे फोटो टाका. दर्शनी बाजूचा एक, मागच्या बाजूचे दोन: एकात दिवा १२ वाजता, एकात ३ वाजता. नाणे कडेने धरलेले, फोनचा फ्लॅश बंद, कुठलाही फिल्टर नाही. आणि रोल कागदी असेल तर त्यावर बँकेचे नाव छापलेले आहे का, टोके मूळची दुमडलेली आहेत की पुन्हा चिकटवलेली, तेही कळवा. पुन्हा चिकटवलेला असेल तर चांगली नाणी आधीच कुणी काढून घेतली असण्याची शक्यता बरीच असते.